काचेची नळी: सोलापुरातल्या एका कॅज्युअल्टीत ऑडिओ आणि चित्रांनी शिकवण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर शहरातलं एक मध्यम आकाराचं रुग्णालय. मी तिथे फिजिशियन आहे आणि कॅज्युअल्टीची, म्हणजे आपत्कालीन विभागाची, जबाबदारी माझ्याकडे आहे. रुग्णालयाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. पेशंटचं वय, गाव, पीक असे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत.

आमच्याकडे अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, तुळजापूर या भागांतून पेशंट येतात. सीमेपलीकडून इंडी, विजयपूरकडचेही येतात. पाऊस पडला की सर्पदंश, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा, एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर गेला की उष्माघात. हायवेवरचे अपघात तर बारा महिने.

या सगळ्याला पहिला अर्धा तास तोंड देतात ते ड्युटीवरचे आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), सिस्टर, ब्रदर आणि वॉर्डातले मामा. आरएमओंपैकी काही बीएएमएस झालेले, काही एमबीबीएस होऊन पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करणारे. परीक्षेचा निकाल लागला की ही दुसरी मंडळी जातात आणि नवी येतात. आपत्कालीन वैद्यकाला भारतात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ साली. त्यात एमडी केलेला डॉक्टर प्रत्येक पाळीला उभा करणं आमच्यासारख्या ठिकाणी आजही शक्य नाही. म्हणून शिकवणं हे आमच्याकडे रोजच्या कामातच धरावं लागतं.

अडचण

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता मी वर्ग घ्यायचो. इंग्रजीत स्लाइड, त्यावर बोलणं, शेवटी दोन-चार प्रश्न. रात्रपाळी करून घरी गेलेला माणूस त्या वेळी झोपलेला असायचा आणि दिवसपाळीवाल्यांपैकी निम्मे पेशंटपाशी अडकलेले. सिस्टरना तर कधी बोलावलंच नव्हतं, याची आज खंत वाटते.

मग एका संध्याकाळी फवारणीचं औषध पोटात गेलेला तरुण आला. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आरएमओने निदान अचूक केलं आणि ॲट्रोपिन या उताऱ्याच्या दोन अँप्यूल (इंजेक्शनच्या छोट्या कुप्या) दिल्या. नाडी ११० झाली तसा तो थांबला, आणखी दिलं तर हृदयाला त्रास होईल या भीतीने. मी पोचलो तेव्हा छाती भरलेलीच होती. पुढे आयसीयूत तो तरुण वाचला. पण या आरएमओने माझा विषबाधेचा वर्ग ऐकला होता, वहीत टिपणंही काढली होती. नाडी जलद आहे म्हणून ॲट्रोपिन थांबवायचं नसतं, छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं असतं, हे त्याच्या वहीत होतं. संध्याकाळी सात वाजता, नातेवाईक ओरडत असताना, ते हाताशी आलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे सगळ्यांना पुण्याच्या कार्यशाळेला पाठवणं. कार्यशाळा उत्तम असतात, पण एका वेळी दोनच माणसं मोकळी करता येतात आणि शिकून आलेला माणूस सहा महिन्यांत दुसरीकडे जातो.

दुसरा पर्याय, परदेशी डॉक्टरांचे पॉडकास्ट ऐकायला सांगणं. आपत्कालीन वैद्यकात ही चळवळ मोठी आहे. सर्वांसाठी खुल्या, विनामूल्य वैद्यकीय शिक्षणाला 'फोम' हे नाव २०१२ मध्ये डब्लिनच्या परिषदेच्या निमित्ताने मिळालं आणि त्यातून माझ्यासारखे कितीतरी लोक शिकले. मी स्वतः सकाळी फिरताना ऐकतो. पण तिथला पेशंट अफूच्या वर्गातल्या औषधांनी बेशुद्ध झालेला असतो, आमचा ऑर्गनोफॉस्फरस वर्गातल्या कीटकनाशकाने. तिथला साप वेगळा, हाताशी असलेली यंत्रं वेगळी. बोलण्याचा वेगही आमच्या मुलांना झेपत नव्हता, आणि सिस्टरसाठी तर त्यात काहीच नव्हतं.

प्रोटोकॉलच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून झाल्या होत्या. त्या उघडून पाहणारे थोडे आणि ऐन वेळी शोधून काढणारा कुणीच नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की स्वतःच मराठीत छोटे ऑडिओ भाग करायचे, त्यांना जोडून भिंतीवर चित्रं लावायची. विषय चारच घेतले: कीटकनाशकाची विषबाधा, सर्पदंश, उष्माघात आणि हृदय बंद पडणं. सर्पदंश घेताना कुणाचंच दुमत नव्हतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले पुष्कळ मृत्यू आमच्यासारख्याच भागांतले.

भाषेवरून थोडा वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की वैद्यक मराठीत शिकवलं तर मुलं पुढे मागे पडतील. मला भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आठवत होतं. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये चीनला गेला, तिथली भाषा शिकला आणि तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागला. आम्हाला तर आपलीच भाषा वापरायची होती. 'सॅच्युरेशन', 'ॲट्रोपिन', 'शॉक' हे शब्द तसेच ठेवले, वाक्यं मराठी केली.

आम्ही काय केलं

रेकॉर्डिंगसाठी शांत खोली मिळेना. शेवटी लिननच्या खोलीत बसलो. तिथे छतापर्यंत सोलापुरी चादरी आणि ब्लँकेटं रचलेली असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. मोबाइल, स्वस्तात मिळतो तसला कॉलरचा माइक आणि चादरींच्या भिंती, एवढ्यावर काम भागलं.

दुसरा आवाज इनचार्ज सिस्टरचा होता आणि तो घेणं हा या सगळ्यातला सर्वांत चांगला निर्णय ठरला. पहिल्याच भागात मी म्हणालो, "ॲट्रोपिन १.८ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करा." सिस्टर मध्येच म्हणाल्या, "सर, मिलिग्रॅम राहू द्या. अँप्यूल किती फोडायच्या ते सांगा." आमच्याकडे अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची येते. म्हणजे तीन ते पाच. तीनने सुरुवात केली तर पुढे सहा, बारा, चोवीस. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अँप्यूल लागू शकतात, हे त्यांनी तिथेच बोटांवर मोजलं आणि विचारलं, "मग आपल्या ट्रॉलीत दहाच का असतात?" हा प्रश्न आम्ही भागात तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीतला साठा वाढवला.

भागाची लांबी आठ ते बारा मिनिटं. एका भागात एकच प्रश्न. सुरुवात पेशंटच्या गोष्टीने, कारण गोष्ट लक्षात राहते. मण्यार चावलेला माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन येतो, अंगावर दंशाची खूण सापडत नाही, रात्री तो जमिनीवर झोपलेला असतो आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. हे कानांनी ऐकलेला माणूस पहाटेच्या पोटदुखीला विचारतोच, "काल रात्री कुठे झोपला होता?"

हृदय बंद पडण्याच्या भागात आवाजाचा आणखी एक उपयोग झाला. छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० हवा. आम्ही ११० ठोक्यांची दोन मिनिटांची फीत केली, दोन मिनिटं झाली की घंटा, म्हणजे माणूस बदलायचा. ती आजही पुतळ्यावर सराव करताना वाजते.

एक सक्त सूचना दिली: दुचाकी चालवताना ऐकायचं नाही. मोहोळहून एसटीने येणारे, जेवणाच्या सुट्टीतले, घरी भाजी निवडणारे, सगळ्यांनी खुशाल ऐकावं. पण हेल्मेटखाली इयरफोन घालून निघालेल्या मुलाला आम्हालाच स्ट्रेचरवर घ्यावं लागलं तर त्या शिकवण्याला काय अर्थ?

चित्रांच्या बाबतीत पहिला प्रयत्न फसला. मार्गदर्शक सूचनांतला सगळा मजकूर चार बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर छापून घेतला. दिसायला भरगच्च, वाचायला अशक्य. मग ॲट्रोपिनसाठी फक्त एक जिना काढला: पायऱ्यांवर ३, ६, १२, २४, शेजारी घड्याळ, आणि वरच्या पायरीवर कोरडी छाती, कोरडी काख, ८० च्या वरची नाडी आणि ८० च्या वरचा बीपी. जिना चढताना दर पायरीवर छाती ऐकायची आणि ती कोरडी झाली की तिथेच थांबायचं.

जूनमधली रात्र

मृगाचा पाऊस पडून गेला होता. रात्री साडेनऊच्या सुमाराला उसाला पाणी द्यायला गेलेल्या एका बाईंना पायाला काहीतरी चावलं. साप दिसला नव्हता. दोन तासांत त्या आमच्याकडे पोचल्या, सोबत सासूबाई आणि दीर. पायावर दोन ओरखडे, किंचित सूज. रक्तस्राव नाही, पापण्या ठीक, बीपी ठीक.

ड्युटीवरच्या आरएमओ मॅडम कामाला चोख. त्यांनी सर्पदंशाचा भाग दोनदा ऐकला होता. ऐकल्याप्रमाणे त्यांनी घट्ट बांधलेली पट्टी सांभाळून सोडवली, पाय स्थिर ठेवला आणि वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावली. दोन मिलिलिटर रक्त, कोरडी स्वच्छ नळी, न हलवता वीस मिनिटं. वेळ झाल्यावर नळी एकदाच तिरपी केली. रक्त वाहिलं. गोठलेलं नव्हतं.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. उसाच्या रानात घोणस असतेच. मॅडमनी प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. तपासणी जे सांगत होती त्याला धरूनच त्या वागल्या.

सुमारे पंधरा मिनिटांनी बाईंना खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि बीपी उतरू लागला. मॅडमनी प्रतिविष लगेच बंद केलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनलिनची अर्धी अँप्यूल दिली. तेही त्याच भागात होतं. काही मिनिटांत बीपी सावरला.

तेवढ्यात सिस्टरची नजर टेबलावरच्या नळीवर गेली. ती प्लास्टिकची होती.

ही चाचणी काचेच्याच नळीत करायची असते. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची क्रिया सुरू करतो, प्लास्टिकमध्ये ती रेंगाळते. साबणाच्या पावडरने धुतलेली काचही चालत नाही, नवी आणि कोरडी लागते. सिस्टरनी लॅबमधून काचेची नळी आणवली आणि पुन्हा रक्त लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, गोळा घट्ट बसलेला.

मी फोनवरून हे ऐकत निघालो होतो. पोचल्यावर निर्णय घ्यायचा होता: प्रतिविष पुन्हा सुरू करायचं की नाही? सूज वाढलेली नव्हती, विष चढल्याचं एकही लक्षण नव्हतं, रक्त गोठत होतं. आम्ही प्रतिविष थांबवलेलंच ठेवलं. चोवीस तास देखरेखीखाली ठेवून ठरावीक अंतराने काचेच्या नळीत चाचणी करत राहिलो. प्रत्येक वेळी रक्त गोठलं. साप बिनविषारी असावा किंवा दंशातून विष आत गेलं नसावं.

सकाळी मी सासूबाईंशी बोललो. "आजी, काल तपासणीची नळी चुकीची वापरली गेली. त्यामुळे जे औषध लागणार नव्हतं ते दिलं गेलं आणि त्याची रिअ‍ॅक्शन आली. चूक आमची आहे." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "आता जीवाला धोका न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले. प्रतिविषाचे पैसे बिलातून काढायला लावले. एका सहकाऱ्याचं मत होतं की इतकं उघड सांगायला नको होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

चूक कुठे होती

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्यासमोर आल्या त्या रडवेल्या होऊन. "सर, मी भाग पुन्हा ऐकला. तुम्ही 'कोरडी, स्वच्छ नळी' म्हणालात. काच म्हणाला नाहीत."

मी मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. मूळ सोळा मिनिटांच्या बोलण्यात मी काच म्हटलं होतं, साबणाचंही सांगितलं होतं. बारा मिनिटांत बसवण्यासाठी ते वाक्य मीच कापलं. मला ते सर्वांना ठाऊक असलेलं वाटलं. एकोणीस वर्षं जे करत आलो ते नव्या माणसालाही दिसतच असेल असं मी धरून चाललो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. कॅज्युअल्टीत काचेची नळी नव्हतीच. ती लॅबमध्ये असायची आणि रात्री लॅबचा माणूस वरच्या मजल्यावर. मॅडमना 'काच' ऐकू आलं असतं तरी त्या मध्यरात्री हाताला आली असती ती प्लास्टिकचीच. शिकवणं आणि कपाट यांचा मेळ आम्ही घातलाच नव्हता.

तिसरी: नळी कशी दिसते, गोठलेलं रक्त कसं दिसतं, हे कानांनी शिकवण्याची गोष्टच नाही. त्या भागाला चित्र नव्हतं. ॲट्रोपिनचा जिना भिंतीवर लागला, सर्पदंशाचं चित्र 'पुढच्या महिन्यात' म्हणून राहिलं.

त्यानंतरचे बदल

सर्पदंशाचा एक ट्रे केला. त्यात दोन नव्या काचेच्या नळ्या बंद पाकिटात, वीस मिनिटांचा टायमर, ॲड्रिनलिन आणि सिरिंज. दोन नळ्या अशासाठी की शंका आली तर दुसरीत निरोगी माणसाचं रक्त घेऊन ताडून पाहता येतं. ते गोठलं नाही तर दोष नळीत आहे. ट्रेच्या झाकणाला आतून चार फोटो लावले: बरोबर नळी, जांभळ्या टोपणाची आणि प्लास्टिकची नळी, दोन्हींवर लाल फुली, गोठलेलं रक्त, न गोठलेलं रक्त. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषधच घातलेलं असतं, ही चूक उद्या कुणी करू शकेल म्हणून तिचाही फोटो. मजकूर जवळजवळ नाही. चित्र पाहताना समजावणारा आवाज असेल तर त्याच मजकुराची छापील गर्दी उलट आड येते, असं शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनात दिसतं. आमच्या पहिल्या फ्लेक्सने ते आम्हाला वेगळ्या मार्गाने शिकवलंच होतं.

भाग नव्याने रेकॉर्ड केला. जुना ग्रुपवरून काढला, पण तो कितीतरी फोनमध्ये उतरलेला होता, एका आरएमओने तर दुसऱ्या गावच्या मित्राला पाठवलेला. ऑडिओ परत बोलावता येत नाही. मग प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तारीख बोलायची पद्धत ठेवली आणि नव्या भागात पहिल्याच वाक्यात सांगितलं: आधीच्या भागात एक चूक होती, ती अशी. ज्यांना पाठवला त्यांनाही हा पाठवा.

कापाकापी आता मी एकटा करत नाही. सिस्टर आणि सर्वांत नवा आरएमओ आधी ऐकतात.

शिवाय पाळी बदलताना पाच मिनिटांचा सराव सुरू केला. सिस्टर ट्रे पुढे ठेवतात आणि म्हणतात, "करून दाखवा." रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचल्याने पाच मिनिटांनंतर जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर जास्त आठवतं ते स्वतःला तपासून पाहणाऱ्यांना. ऐकण्याचंही तसंच असावं. दोनदा ऐकलं की आपल्याला येतं असं वाटू लागतं. हात पुढे केल्यावरच कळतं काय येत नाही.

परिणाम

बाई तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. मॅडम अजून आमच्याकडे आहेत आणि नव्या लोकांना ट्रे त्याच समजावतात.

सर्वांत अनपेक्षित परिणाम पुढच्या मे महिन्यात दिसला. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमधून एक कामगार बडबडत, असंबद्ध बोलत आला. अंग तापलेलं. आरएमओ शेजारच्या अपघातात गुंतलेला होता. तो वळून पाहतो तर मामांनी पेशंटचा शर्ट काढलेला, ओली चादर अंगावर, पंखा पूर्ण वेगात आणि काखेत बर्फाच्या पिशव्या. ताप मोजला तेव्हा ४१ च्या वर होता. उष्माघातात आधी थंड करायचं, बाकी सगळं नंतर, आणि पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हे आमच्या भागात होतं. मामा त्या ग्रुपवर नव्हतेच. एका ब्रदरने मोठ्याने लावलेला भाग त्यांनी ऐकला होता. त्यानंतर मामा, मावशी आणि सिक्युरिटीवाले सगळे ग्रुपवर घेतले.

एक गोष्ट मात्र निस्तरावी लागली. विषबाधेच्या भागातल्या गोष्टीत मी पेशंटच्या वस्तीचा उल्लेख केला होता आणि एकाने तो कुटुंबासकट ओळखला. आत्महत्येच्या प्रयत्नाची गोष्ट अशी ओळखली जाणं फार वाईट. तो भाग त्याच दिवशी काढून नव्याने केला.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवातीची नोंद ठेवीन. प्रयोगाआधी ॲट्रोपिनचा पहिला डोस किती मिनिटांत आणि किती दिला जायचा, हे केसपेपरांत होतं. ते आधी काढून ठेवलं असतं तर आज बदल आकड्यांत दाखवता आला असता. आता फक्त जे पाहिलं ते सांगता येतं.

क्रम उलटा करीन. आधी कपाट आणि ट्रे, मग चित्र, मग आवाज. आम्ही आवाजापासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं आणि उत्साह होता.

कन्नड आणि तेलुगूचा विचार पहिल्या दिवसापासून करीन. आमच्या सिस्टरपैकी काहींच्या घरी कन्नड बोलतात, एका ब्रदरच्या घरी तेलुगू, आणि इंडीकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना विचारपूस करायची तर मराठीने भागत नाही.

सध्या विंचूदंशाचा भाग हाती आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला त्याला चार दशकं होत आली. गोळी दिल्यावर पेशंटला उठू द्यायचं नाही, झोपवूनच ठेवायचं, नाहीतर बीपी एकदम पडतो, हे त्या भागातलं मुख्य चित्र आहे. ते छापून झालं, ट्रे लावून झाला, गोळ्यांची तारीख तपासली. अक्कलकोटच्या एका सिस्टर कन्नड मजकूर वाचून दुरुस्त करत आहेत. त्यांचं झालं की लिननच्या खोलीत बसायचं आहे.